ताटातील व्याधिक्षमत्व : एका शतकाच्या शोधाची कथा

एखाद्या मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली की त्याच्या गणेशोत्सवांचा, नाट्यप्रयोगांचा, वाचनालयाचा आणि वास्तूचा इतिहास आवर्जून लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. स्वयंपाकघराचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. नोकरी-व्यवसायानिमित्त परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी भाषा जपली, सण जपले. ताट मात्र हळूहळू बदलत गेले. ज्वारी-बाजरीची भाकरी दुर्मीळ झाली, अंबाडी व चाकवत ही नावे मुलांना अपरिचित झाली, आणि त्यांच्या जागी कोठे पांढरा भात, कोठे मैद्याचे पदार्थ, तर कोठे दुकानातील पाकिटे आली. हा बदल केवळ रुचीचा नाही. शरीराच्या रोगास तोंड देण्याच्या शक्तीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

सन २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि ‘इम्युनिटी’ हा शब्द आबालवृद्धांच्या तोंडी झाला. काढे, चूर्णे, गोळ्या आणि पेये यांचा बाजार भरला. ही शक्ती म्हणजे विकत आणून घेण्याची वस्तू आहे, अशी समजूत त्या काळात दृढ झाली. तथापि गेल्या शंभर वर्षांत आपल्याच देशात या प्रश्नावर जे संशोधन झाले, त्याची साक्ष निराळी आहे. त्या इतिहासात मराठी माणसांचाही वाटा आहे, आणि तोही बव्हंशी महाराष्ट्राबाहेर राहून केलेल्या कार्याचा. यास्तव तो येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

चरकाने मांडलेला प्रश्न

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द अलीकडचा. पण त्यामागील कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात एक मार्मिक शंका उपस्थित केली आहे. हितकर आहार घेणारी माणसेही आजारी पडतात आणि अहितकर खाणारी कित्येक धडधाकट दिसतात, हे कसे? त्यावर दिलेले उत्तर असे की, आरोग्य केवळ एका घटकावर अवलंबून नसते; देश, काळ, मात्रा यांचाही परिणाम होतो; आणि सर्वच शरीरे व्याधीला तोंड देण्यास सारखीच समर्थ नसतात. अतिस्थूल, अतिकृश, दुर्बल आणि निकृष्ट अन्नावर पोसलेली शरीरे या बाबतीत उणी पडतात, असे तेथे सांगितले आहे. या सामर्थ्याला संहितेने ‘व्याधिक्षमत्व’ हा समर्पक शब्द योजला. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त याने त्याचे दोन अर्थ उलगडले : झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे.

अन्न आणि व्याधी यांचा संबंध असा मान्य होता. परंतु अन्नातील नेमके काय उणे पडले म्हणजे शरीर दुबळे होते, हे तपासून पाहण्याचे साधन विसाव्या शतकापर्यंत कोणापाशीच नव्हते. ते साधन हाती येण्याच्या सुमारास एका रणांगणावर या प्रश्नाचा अत्यंत दारुण असा पडताळा आला.

कूतचा वेढा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियामध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी सैन्याची सहावी अर्थात पूना डिव्हिजन पाठविण्यात आली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तायग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमारा या गावी तुर्की फौजांनी तिला वेढले, आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे तिला शरणागती पत्करावी लागली.

या वेढ्यात एकाच तटबंदीच्या आत दोन प्रकारचे शिधे होते. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि मांस मिळे. त्यांच्यात हातपाय लुळे पाडणारा बेरीबेरी हा रोग पसरला. हिंदी सैनिकांना कोंड्यासह दळलेला आटा मिळे. त्यांना बेरीबेरी झाला नाही. पुढे पांढरे पीठ संपत आले आणि गोऱ्या सैनिकांनाही आटा खावा लागला, तेव्हा त्यांच्यातील बेरीबेरीही ओसरला. उलट ताज्या भाज्यांचा पूर्ण अभाव आणि घोड्याचे मांस खाण्यास धर्मभावनेचा अडसर, यांमुळे हिंदी सैनिकांत हिरड्या सडविणारा स्कर्व्ही बळावला. तो टाळण्यासाठी आसपास उगवलेला रानपाला खुडून शिजविण्याची वेळ आली.

घरापासून हजारो मैलांवर अडकलेल्या त्या जवानांवर जो प्रसंग गुदरला, त्याने वैद्यकास एक धडा दिला. पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; आणि गिरणीत फेकून दिलेला कोंडा किंवा बाजारातून न आणलेली पालेभाजी माणसाला अंथरुणास खिळवू शकते.

१९१८ : साथ आणि संशोधन

युद्ध संपत असतानाच इन्फ्लुएन्झाची भीषण साथ आली. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि शरद ऋतूत देशभर पसरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबई शहरातील त्या वेळचे मृत्यूंचे आकडे आजही वाचवत नाहीत. युरोपीय रहिवाशांत हजारी ८.३ माणसे या साथीत गेली, तर अस्पृश्य गणल्या गेलेल्या हिंदूंमध्ये हजारी ६१.६. विषाणू एकच होता. अन्न, हवा, निवारा आणि शुश्रूषा मात्र एकसारखी नव्हती. या फरकाचे सर्व श्रेय आहारास देता येणार नाही, हे खरे. पण ‘व्याधिक्षमत्व’ ही केवळ व्यक्तीच्या प्रकृतीची बाब नसून समाजाने त्या व्यक्तीस काय दिले, याचीही बाब आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

योगायोग असा की, याच १९१८ साली निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत, रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या आयरिश डॉक्टराने बेरीबेरीसंबंधी चौकशीचे काम सुरू केले. या एका खोलीतून पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज ही संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये ती हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

मॅक्‌कॅरिसन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग मोठा मनोवेधक आहे. पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांनी प्रत्येक गटास हिंदुस्थानातील एकेका समाजाचा आहार दिला : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. वाढ व शरीरयष्टी यांत शीख आहारावरील उंदीर पहिले आले, पठाण दुसरे, मराठा तिसरे. मद्रासी आहाराचा क्रमांक शेवटचा लागला. यावरून आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही, आणि दाक्षिणात्य बंधूंस उणे लेखण्याचे तर मुळीच नाही. हा क्रम जातींचा किंवा प्रांतांचा नव्हता. तो ताटांचा होता. वरच्या क्रमांकाच्या ताटात कोंड्यासह दळलेले धान्य, दूध व लोणी, डाळी आणि ताज्या भाज्या होत्या. शेवटच्या ताटात मुख्यतः पॉलिश केलेला भात होता आणि दूध व भाजी अत्यल्प होती.

दुसऱ्या एका प्रयोगात शीख आहाराशी त्यांनी गरीब इंग्रज कुटुंबाच्या आहाराची तुलना केली : पांढरा पाव, मार्गारिन, डब्यातील मांस, उकडून निःसत्त्व झालेल्या भाज्या, मुरंबा आणि साखरेचा चहा. पहिल्या गटातील उंदीर निरोगी व शांत राहिले. दुसऱ्या गटातील खुरटले, चिडखोर झाले, सांभाळणाऱ्यांस चावू लागले आणि अखेर एकमेकांसही खाऊ लागले; फुप्फुसांचे आणि आतड्यांचे विकार त्यांच्यात बोकाळले. उंदरावरून माणसाविषयी सरसकट निष्कर्ष काढणे बरे नव्हे. तथापि निकृष्ट आहाराने केवळ अभावाचे रोग होतात असे नाही, तर इतर रोगांनाही दार उघडे होते, ही गोष्ट या प्रयोगांनी ठळकपणे मांडली.

उकडा तांदूळ आणि आवळा

प्रयोगशाळेतून निघालेले काही निष्कर्ष आपल्या परंपरेच्या बाजूने होते. मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावरील तेलुगू जिल्ह्यांत, जेथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खात, तेथे बेरीबेरी ठाण मांडून होता. जेथे उकडा तांदूळ खात, तेथे तो क्वचितच आढळे. कारण असे : भात सालीसह भिजवून उकडला की वरच्या थरातील ‘ब१’ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि नंतर कांडताना ते कोंड्याबरोबर निघून जात नाही. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या जी उकड्या तांदळाची पेज पितात, तिच्यामागील शास्त्र हे असे आहे. पेज गाळून फेकण्याऐवजी पिण्याची रीत तर त्याहून शहाणपणाची.

१९३५ मध्ये मॅक्‌कॅरिसन यांच्यानंतर डॉ. एक्रॉइड संचालक झाले. १९३७ मध्ये त्यांनी हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला, हरभरा, तीळ अशा स्वस्त पदार्थांची खरी किंमत आकड्यांनी कळण्याची सोय त्यामुळे झाली. १९४० च्या सुमारास हिस्सार भागात दुष्काळ पडला आणि स्कर्व्ही उद्भवला, तेव्हा आवळ्याचा उपयोग त्यावर गुणकारी ठरला. मोड आलेल्या कडधान्यांचीही महती अशीच आहे. कोरड्या मटकीत वा मुगात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ओलाव्याने मोड फुटू लागले की ते तयार होते. आपल्या आज्या फडक्यात मटकी बांधून ठेवीत, तेव्हा त्या नकळत हेच करीत होत्या. मात्र उसळ फार वेळ शिजविली तर त्यातील बराच भाग पुन्हा नष्ट होतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

परप्रांतातील मराठी संशोधक

या कार्यात डॉ. कमला सोहोनी यांचे नाव प्रत्येक मराठी घरात ठाऊक असावयास हवे. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत; जन्म १९११ मध्ये इंदूरचा. १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी अर्ज केला असता, त्या स्त्री आहेत म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि त्यानंतर कुन्नूरच्या याच पोषण-प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. विवाहानंतर मुंबईस आल्यावर त्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या प्रकृतीत नीरेने सुधारणा होते, असे त्यांस आढळले, आणि या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार लाभला. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या संशोधनाचे विषय पाहिले म्हणजे एक गोष्ट जाणवते : दूध, डाळी, भात, नीरा. ज्या अन्नावर गरीब माणूस जगतो, तेच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि त्यानंतरच्या वर्षांत कुन्नूरच्या संस्थेचे संचालकपद डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अन्नाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

यापुढील इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि म्हणूनच अधिक शिकवणारा. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांचा पोषण व संसर्ग यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. यांपैकी कार्ल टेलर हे मसुरीत जन्मलेले आणि पंजाबातील नारंगवाल परिसरात काम केलेले. कुपोषित मूल संसर्गास लवकर बळी पडते. संसर्गाने त्याची भूक मंदावते, जुलाबांतून व तापातून पोषण झिजते. आणि ते पुढील संसर्गास अधिक सहज बळी पडते, असे दुष्टचक्र त्यांनी दाखवून दिले. हे चक्र तोडावयाचे तर अन्न हवे, तसेच शुद्ध पाणी आणि लसही हवी.

औषधाची जागा अन्न घेऊ शकत नाही, याचा पुरावा मद्रासने दिला. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. काही रुग्णांवर सॅनिटोरियममध्ये, विश्रांती आणि उत्तम आहारासह उपचार झाले. इतरांना तीच औषधे घरी, दाटीवाटीच्या वस्तीत व सामान्य अन्नावर दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. नियमित औषध हेच निर्णायक ठरले. हवापालट आणि दूध-अंडी यांवर भिस्त ठेवण्याचा काळ तेथे संपला.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांविषयीही असाच विवेक शिकावयास मिळतो. मदुराईच्या परिसरात केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ हजारांहून अधिक मुलांपैकी काहींना दर आठवड्यास ‘अ’ जीवनसत्त्वाची लहान मात्रा दिली गेली. आहारातूनही मिळू शकेल, एवढीच ती होती. त्या मुलांतील मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र सहा-सहा महिन्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेचा मृत्यूंवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. या दोन्हींची संगती लावण्याचे प्रयत्न अद्याप चालूच आहेत. सामान्य वाचकाने एवढे समजावे की, ज्याच्या शरीरात उणीव आहे त्यास ती भरून काढण्याने मोठा लाभ होतो. जेथे उणीवच नाही, तेथे जादा गोळ्यांनी व्याधिक्षमत्व वाढत जात नाही.

आणि तरीही अन्नाचे माहात्म्य उरतेच. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. सर्व रुग्णांना शिधा दिला गेला. परंतु निम्म्या गटांत घरातील इतरांनाही तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषके देण्यात आली. जेथे सर्व घरास अन्न मिळाले, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुप्फुसांच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी झाले. मद्रासने दाखविले की जडलेला क्षय औषधाने बरा होतो. झारखंडने दाखविले की न जडलेला क्षय अन्नाने बऱ्याच प्रमाणात दूर ठेवता येतो. चक्रपाणिदत्ताने सांगितलेले ते दोन अर्थ येथे पुन्हा भेटतात.

आपल्या घरांसाठी

या साऱ्या इतिहासातून आपल्यासारख्या कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, गावाकडच्या पदार्थांची नक्कल करण्यापेक्षा त्यांचे तत्त्व सांभाळावे. जेथे ज्वारी मिळत नाही तेथे कर्नाटकातील रागी आहे, राजस्थानातील बाजरी आहे, पंजाबातील मका व मोहरीची भाजी आहे, बंगालातील उकडा तांदूळ आणि असंख्य शाक आहेत. स्थानिक बाजारात हंगामात जे ताजे व स्वस्त असेल, ते बहुधा त्या मातीतील पिढ्यांनी पारखलेले असते. ताटात धान्याबरोबर डाळ किंवा उसळ, एखादी पालेभाजी, एखादे फळ किंवा लिंबाची फोड आणि दही-ताक एवढे रोज असले, तर वेगळ्या ‘शक्तिवर्धका’ची गरज निरोगी माणसास सहसा पडत नाही.

दुसरी गोष्ट झोप, व्यायाम आणि व्यसने यांची. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक आढळला. अतिस्थूलतेतून व बैठ्या जीवनातून येणारा मधुमेह क्षयाचा धोका सुमारे तिप्पट करतो. चरकाने अतिकृशाबरोबर अतिस्थूलासही का गणले, ते यावरून कळते. तंबाखूविषयी वेगळे सांगावयास नको. हात धुणे, घरात हवा खेळती ठेवणे, आणि लहानांप्रमाणेच वृद्धांनाही वैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर लसी देणे, ही कर्तव्ये कोणत्याही काढ्याने माफ होत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उपेक्षित. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. ज्या हातांनी घराचे ताट वाढले जाते, त्याच हातांच्या वाट्यास शेवटची पोळी आणि भांड्याच्या तळाची आमटी येते. शहरे बदलली, प्रांत बदलले, तरी ही रीत पुष्कळ घरांत बदललेली नाही. झारखंडच्या अभ्यासाचे सार हेच होते की, घरातील एकालाच उत्तम अन्न देऊन भागत नाही. सर्वांना पुरेसे मिळाले तरच घर सुरक्षित होते. आपल्या घरी येऊन धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे ताटही या हिशेबाबाहेर ठेवता येणार नाही, हे १९१८ च्या मुंबईने शिकविले आहे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत सण होतील, पंगती उठतील. श्रीखंड-पुरी अवश्य असावी. तिच्या शेजारी मोड आलेल्या मटकीची उसळ, एखादी हिरवी भाजी आणि कोशिंबीरही असावी. आणि वाढणाऱ्या भगिनींनी पहिल्या पंगतीत बसावे व पुरुषांनी वाढावे, असा प्रघात एखाद्या वर्षी सुरू करता आला, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक उत्तम स्मारक होईल.